राजानं सोडलेलं राज्य आणि अप्पासाहेब पंत

मार्च २०२२ ला सातारा जिल्हा परिषदेची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडंच राहिला. शिरवळमध्ये त्यावरून कुणी फारसं चिडलेलं मला दिसलं नाही. म्हणून आज औंधबद्दल लिहितोय.

औंध संस्थान म्हणजे ७२ गावं, आणि तीही सलग नाहीत. औंध आपल्या जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ पार विजापूरकडं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारवाले म्हणून आपल्याला माहीत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, जन्म १९१२, ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आले. त्यांच्या जोडीला पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ ला राजानं सत्ता रयतेच्या हाती दिली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती, आणि तिथून माणसं विधिमंडळात. म्हणजे उभारणी खालून वर. त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडं हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं!

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची बिनभिंतींची वसाहत, हेही याच प्रयोगातलं. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्यावरूनच सुचला.

आता माझं मत. औंधचं स्वराज्य वरून मिळालं होतं, लोकांनी झगडून घेतलेलं नव्हतं. शेजारच्याच गावांत १९४३ पासून नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, ते लोकांनी जीव धोक्यात घालून चालवलं. तरीही औंधला मी कमी लेखणार नाही. भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळायचा, हे विसरून कसं चालेल? मात्र ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पंचायतींची ती रचनाही गेली. विलीनीकरण हवंच होतं. पण चालू असलेलं खालचं स्वराज्य मोडायची गरज होती का? पंचायत राज आणायला पुढं महाराष्ट्राला १९६२ उजाडलं.

अप्पासाहेब मग परराष्ट्र सेवेत गेले. १९४८ ला नैरोबीत भारताचे कमिशनर. तिथं आफ्रिकन नेत्यांशी जवळीक ठेवली म्हणून गोऱ्या मळेवाल्यांच्या डोळ्यांत खुपले. पुढं सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त. १९६९ ते ७२ लंडनला उच्चायुक्त, म्हणजे बांगलादेश युद्धाच्या ऐन धामधुमीत, आणि शेवटी रोम. ७२ गावांच्या पंचायतीत शिकलेला माणूस युरोपच्या राजधान्यांत भारताची बाजू मांडत होता.

औंधच्या प्रयोगावर राज्यशास्त्राच्या अभ्यासक इंदिरा रोदरमुंड यांचं १९८३ चं इंग्रजी पुस्तक आहे, अप्पासाहेबांनीही लिहिलंय. पण गावाच्या बाजूनं काय दिसलं, ते घराघरांतल्या जुन्या वह्यांत असणार. औंध, आटपाडी, कुंडल भागातल्या कुणाचे आजोबा-पणजोबा त्या पंचायतीत असतील, एखादा कागद घरी असेल, तर फोटो काढून इथं खाली टाका.