कार्ड-पूर्वमंजुरी (हॉटेलांतील)

हॉटेलात खोली देताना पाहुण्याच्या कार्डावर अंदाजे बिलाइतकी रक्कम राखून ठेवण्याची पद्धत. रक्कम वसूल होत नाही. कार्ड देणारी बँक मंजुरी-क्रमांक देते आणि तेवढी पत अडवून ठेवते. खोली सोडताना प्रत्यक्ष बिल त्याच क्रमांकावर पक्के केले जाते. बिल वाढले तर जादा मंजुरी घेतात. उरलेली रक्कम मोकळी करायची असते, आणि बहुतेक तंटे येथेच होतात: काउंटरवर रोख भरून पाहुणा निघतो, जुनी मंजुरी मात्र रद्द करायची राहते. क्रेडिट कार्डावर यात पतमर्यादा अडते. डेबिट कार्डावर खात्यातले स्वतःचे पैसेच अडकतात, म्हणून झळ जास्त.

भारतात 2009 पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरा पडताळा सक्तीचा झाला. 1 ऑक्टोबर 2022 पासून हॉटेलांना कार्डक्रमांक साठवता येत नाही. त्याजागी टोकन वापरतात. त्यामुळे न आलेल्या पाहुण्याच्या भारतीय कार्डावर त्याच्या संमतीशिवाय भाडे लावणे अवघड झाले. आगाऊ रक्कम घेणे हा त्यावरचा सोपा, रुळलेला उपाय.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पूर्वमंजुरी घेणारी आणि आगाऊ रक्कम घेणारी, अशी दोन्ही प्रकारची हॉटेले आढळतात. उषाकिरण पॅलेससारख्या राजवाड्याच्या हॉटेलाला पूर्वमंजुरी साजते. नया बाजारासारख्या पेठेतल्या लॉजला आगाऊ भाडे आणि यूपीआयच पुरते. यूपीआयमध्येही 2018 पासून एकवेळच्या आदेशाने रक्कम राखून ठेवता येते.