स्मृतिपट्टी व मदरबोर्ड यांची सुसंगती

स्मृतिपट्टी व मदरबोर्ड यांची सुसंगती : मेजावरील संगणकाचा मुख्य मंडल-फलक (मदरबोर्ड) व त्यावर बसवावयाची कार्यकारी स्मृती (रॅम) ही परस्परांशी जुळणे, यास सुसंगती म्हणतात. हे जुळणे तीन अंगांनी व्हावे लागते. पट्टी स्लॉटमध्ये बसली पाहिजे, हे यांत्रिक अंग. फलकाकडून येणारा विद्युत् दाब पट्टीवरील चिपांना सोसला पाहिजे, हे विद्युतीय अंग. आणि चिपांची अंतर्गत रचना स्मृति-नियंत्रकास ओळखता आली पाहिजे, हे तार्किक अंग. यांपैकी पहिले तेवढे डोळ्यांना दिसते. संगणकाची स्मृती वाढविताना ग्राहकाची जी फसगत होते, तिचे मूळ बहुधा उरलेल्या दोन अंगांत असते.

या स्मृतीचा पाया आय.बी.एम. कंपनीतील रॉबर्ट डेनर्ड यांनी घातला. एक ट्रँझिस्टर व एक धारित्र एवढ्यावर एक बिट साठविण्याच्या त्यांच्या योजनेस १९६८ मध्ये एकस्व मिळाले. धारित्रातील विद्युत् भार सतत गळत असतो. म्हणून तो सेकंदाच्या अत्यल्प भागात पुनःपुन्हा भरावा लागतो. या क्रियेस पुनर्भरण व अशा स्मृतीस गतिक स्मृती म्हणतात. भार साठविण्याच्या तत्त्वावरील इंटेलची ११०३ ही १,०२४ बिटांची चिप १९७० मध्ये बाजारात आली. सुसंगतीच्या दृष्टीने मात्र १९७३ हे वर्ष अधिक महत्त्वाचे होय. त्या वर्षी मोस्टेक कंपनीने ४,०९६ बिटांच्या चिपेत पत्त्याचे दोन भाग करून ते एकाच पिनांवरून पाठोपाठ पाठविण्याची युक्ती वापरली : प्रथम ओळीचा पत्ता, मग स्तंभाचा. त्यामुळे चिप अवघ्या १६ पिनांत मावली. पत्त्याची एक पिन वाढविली की ओळींची व स्तंभांची संख्या प्रत्येकी दुप्पट, म्हणजे धारणक्षमता चौपट होते. पुढे चिपांची क्षमता ४, १६, ६४, २५६ किलोबिट अशा चौपटीच्या पायऱ्यांनी वाढली, तिचे कारण हेच आहे. या सर्व काळात चिपेचा बाह्य आकार १६ पिनांचाच राहिला.

बाह्य आकार तोच राहिला, पण पिनांचे अर्थ तेच राहिले नाहीत. १९७६ च्या ४११६ या १६ किलोबिट चिपेस +१२, +५ व −५ व्होल्ट असे तीन दाब लागत. पुढील ४१६४ या ६४ किलोबिट चिपेस केवळ +५ व्होल्ट पुरत आणि मोकळ्या झालेल्या पिनांपैकी एक पत्त्यासाठी वापरण्यात आली. जुन्या चिपेत आठवी पिन +१२ व्होल्टची होती. नवीन चिपेत तीच +५ व्होल्टची झाली. साहजिकच जुन्या फलकाच्या बैठकीत नवीन चिप तंतोतंत बसे आणि चालू करताच जळून जाई. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आय.बी.एम. पर्सनल कॉम्प्यूटरच्या मूळ फलकावर ४११६ जातीच्या चिपांच्या, नऊ-नऊ चिपांच्या चार रांगांची सोय होती. पहिली रांग झाळलेली असे व उरलेल्या ग्राहकाने ऐपतीप्रमाणे भरावयाच्या, अशा रीतीने १६ पासून ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती वाढविता येई. नववी चिप चुका पकडण्यासाठी होती (पॅरिटी) व चूक आढळताच यंत्र सरळ थांबे.

दाब जुळला तरी पुनर्भरणाची लय जुळेल असेही नव्हते. झायलॉग कंपनीच्या झेड-८० या सूक्ष्मप्रक्रियकातील पुनर्भरणाचा गणक सात बिटांचा असल्याने तो १२८ ओळींपर्यंतच मोजी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ६४ किलोबिट चिपेस २५६ ओळींचे पुनर्भरण लागे. अशी चिप त्या यंत्रात जोडमंडलाशिवाय वापरली, तर निम्म्या ओळींतील मजकूर नियमाने ताजा होत नसे. नाव, पिना व दाब हे सारे सारखे असूनही उत्पादकागणिक चिप वेगळी ठरे, ती अशी.

सुट्या चिपा बसविताना पिना वाकत व चिप उलटीही बसविली जाई. वांग लॅबोरेटरीज या कंपनीने १९८३ मध्ये चिपा एका लहान पट्टीवर झाळून ती पट्टीच स्लॉटमध्ये बसविण्याची पद्धत आणली (सिम). या कंपनीचे संस्थापक आन वांग यांनी चुंबकीय गाभ्याच्या स्मृतीवरील आपले एकस्व पूर्वी आय.बी.एम.ला विकले होते. स्मृतीच्या दोन युगांशी एकाच माणसाचे नाव निगडित असावे, हा योग विरळा म्हटला पाहिजे. या पट्टीवरील एकस्वावरूनही पुढे न्यायालयीन दावे झाले. ३० संस्पर्शकांची पट्टी एका वेळी आठ बिट देई. त्यामुळे १६-बिटी ८०२८६ यंत्रात दोन व ३२-बिटी ८०४८६ यंत्रात चार सारख्या पट्ट्या एकदम घालाव्या लागत. एखाददुसरी पट्टी घालून भागत नसे. पुढील ७२ संस्पर्शकांची पट्टी ३२ बिटांची होती. ८०४८६ ला ती एक पुरे, परंतु १९९३ च्या पेंटियमची वाहिनी ६४-बिटी असल्याने तेथे पुन्हा जोडी लागे. संस्पर्शक कथिलाचे की सोन्याचा मुलामा दिलेले, यालाही महत्त्व होते. कथिलाच्या स्लॉटमध्ये सोनेरी पट्टी घातल्यास सूक्ष्म घर्षणाने ऑक्साइड साचून काही काळाने अधूनमधून चुका होऊ लागत व त्यांचा दोष चांगल्या चिपांवर येई.

या गोंधळातून वाट काढली ती मानकांनी. अर्धसंवाहक उद्योगाच्या जेडेक या मानक-संस्थेने १९९३ मध्ये समकालिक गतिक स्मृतीचे (एसडीरॅम) मानक स्वीकारले. तीवर आधारलेली १६८ संस्पर्शकांची, ६४-बिटी पट्टी (डिम) पेंटियम यंत्रातही एकेकटी चाले. पट्टीच्या कडेवरील खाचांची जागा दाबानुसार ठरविण्यात आल्याने भलती पट्टी स्लॉटमध्ये शिरेनाशी झाली. याहून मोठी सुधारणा म्हणजे पट्टीवरील लहानशी नोंद-चिप (एसपीडी). ओळी व स्तंभ किती, गती किती, विलंब किती ही माहिती तीत लिहिलेली असते व यंत्र सुरू होताना फलक ती वाचतो. पट्टीने आपली ओळख आपणच सांगावी, ही कल्पना खाचेपेक्षा अधिक मोलाची ठरली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तरीही नियंत्रकाच्या मर्यादा राहिल्याच. इंटेलच्या १९९८ मधील ४४०-बीएक्स या चिपसंचास १२८ मेगाबिटांपर्यंतच्या चिपाच समजत. १६ चिपांची २५६ मेगाबाइटची पट्टी त्यावर पूर्ण दिसे. २५६ मेगाबिटांच्या आठच चिपा असलेली तेवढ्याच क्षमतेची पट्टी मात्र निम्मी, म्हणजे १२८ मेगाबाइट दिसे. दोन्ही पट्ट्या मानकाबरहुकूम, दोन्ही स्लॉटमध्ये बसणाऱ्या. त्याआधीच्या ४३०-टीएक्स संचाचा प्रकार आणखी चमत्कारिक होता. त्याची द्रुतस्मृती (कॅश) पहिल्या ६४ मेगाबाइटपुरतीच काम करी. म्हणून स्मृती त्यापलीकडे वाढविल्यास काही कामांत संगणक उलट मंदावे.

मानक कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न रॅम्बस प्रकरणात ऐरणीवर आला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या अमेरिकन कंपनीची वेगळ्या धाटणीची स्मृती (आरडीरॅम) इंटेलने आपल्या पुढील यंत्रांसाठी निवडली. १९९९ अखेरीच्या ८२० चिपसंचापासून तिचा प्रसार सुरू झाला. परंतु ती महाग होती व रिकाम्या स्लॉटमध्येही मंडल पूर्ण करणारी पोकळ पट्टी बसवावी लागे. साधी स्मृती त्याच संचास जोडू पाहणाऱ्या दुभाषी चिपेत दोष आढळून मे २००० मध्ये इंटेलला असे फलक बदलून देण्याची घोषणा करावी लागली. पेंटियम-४ प्रथम याच महाग स्मृतीसह आला. २००१ मध्ये साध्या एसडीरॅमवर चालणारा ८४५ संच निघाला व लवकरच तो डीडीआर स्मृतीसाठीही उपलब्ध झाला. रॅम्बस फलक घेतलेल्या ग्राहकांपुढे दोनच मार्ग उरले : जुनी स्मृती चढ्या भावाने घेणे किंवा फलकच टाकणे. विशेष म्हणजे त्या पट्टीचे संस्पर्शक १८४ व डीडीआरचेही १८४ होते. दोहोंत अदलाबदल होऊ दिली नाही ती खाचांनी.

रॅम्बस १९९२ ते १९९६ या काळात जेडेकची सदस्य होती. सदस्य असताना तिने आपली प्रलंबित एकस्वे उघड केली नाहीत व मानक रूढ झाल्यावर त्यांवर स्वामित्वशुल्क मागितले, असा इतर उत्पादकांचा आक्षेप होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६ मध्ये कंपनीविरुद्ध निर्णय दिला. तो अपील न्यायालयाने २००८ मध्ये रद्द ठरविला.

डीडीआरच्या पाच पिढ्या आजवर झाल्या असून प्रत्येकीत दाब उतरत गेला : अनुक्रमे २·५, १·८, १·५, १·२ व १·१ व्होल्ट. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे संस्पर्शक २४०, चौथ्या व पाचव्या पिढीचे २८८. संख्या सारखी असली तरी खाचेची जागा निराळी असल्याने एक पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. म्हणून फलक कोणत्या पिढीचा, हे प्रथम पाहावे लागते. २०२१ मधील इंटेलचे प्रक्रियक चौथी व पाचवी अशा दोन्ही पिढ्या जाणत. तथापि ते बसविलेल्या फलकावर सामान्यतः एकाच पिढीचे स्लॉट असत. त्यानंतर पट्टी साधी की नोंदकयुक्त (रजिस्टर्ड) हे पाहावयाचे. सेवा-संगणकांतून (सर्व्हर) काढलेल्या नोंदकयुक्त पट्ट्या स्वस्त मिळतात व चौथ्या पिढीपर्यंत त्यांची खाच साध्या पट्टीसारखीच असल्याने त्या घरगुती फलकावर बसतातही; फक्त चालत नाहीत. पाचव्या पिढीत दाब-नियामक पट्टीवरच आला. साध्या पट्टीस फलकाकडून ५ व नोंदकयुक्त पट्टीस १२ व्होल्ट मिळतात आणि या वेळी मात्र खाचही वेगळी ठेवण्यात आली आहे.

स्मृति-नियंत्रक एएमडीने २००३ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये प्रक्रियकातच अंतर्भूत केला. तेव्हापासून पट्टी फलकाइतकीच प्रक्रियकाशीही जुळावी लागते. पट्टीच्या वेष्टनावर छापलेली गती पुष्कळदा मानकातील नसून उत्पादकाने नोंद-चिपेत लिहिलेल्या जादा नोंदीतील (एक्सएमपी, एक्सपो) असते; ती नोंद वापरकर्त्याने निवडेपर्यंत पट्टी मानक गतीनेच चालते. पट्ट्यांच्या संख्येचाही परिणाम होतो. एएमडीच्या २०२२ मधील रायझन ७००० मालिकेस दोन पट्ट्यांसह सेकंदास ५,२०० दशलक्ष स्थानांतरणे, तर चार पट्ट्यांसह ३,६०० दशलक्ष एवढीच अधिकृत मर्यादा आहे. म्हणून पुढे वाढवू या विचाराने आज दोन लहान पट्ट्या घेण्यापेक्षा आरंभीच दोन मोठ्या घेणे श्रेयस्कर. २०२३ मध्ये २४ व ४८ गिगाबाइटच्या पट्ट्या आल्या, तेव्हा अनेक फलकांना त्या प्रथम ओळखता आल्या नाहीत. पण या खेपेस फलकातील आरंभ-कार्यक्रम (बायॉस) अद्ययावत करून काम भागले.