टेसिफॉनची माघार आणि बोटींचे गणित

पहिल्या महायुद्धात बगदादजवळ झालेली टेसिफॉनची लढाई (22 ते 25 नोव्हेंबर 1915) कोणी जिंकली, हा वाद मला गौण वाटतो. ब्रिटिश सेनानी टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांची पहिली फळी घेतली खरी, पण सुमारे 4,600 माणसे मेली वा जखमी झाली आणि त्यांची जागा घ्यायला मागे फौज नव्हती. माघार अटळ होती. तिचे मूळ तैग्रिसच्या पात्रात शोधावे लागते.

बसऱ्याच्या तळापासून वर ना रेल्वे होती, ना पक्का रस्ता. दाणागोटा, दारूगोळा, जखमी, सारे नदीतूनच. फौज जितकी पुढे सरकेल तितकी प्रत्येक बोटीची फेरी लांबते. बोटी तेवढ्याच राहिल्या तर आघाडीवर रोज पोचणारा माल घटत जातो. जूनमध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कुत, मग टेसिफॉन: प्रत्येक विजयाने ही फेरी लांबवली. त्यात नोव्हेंबरात नदीचे पाणी उतरलेले, बोटी वाळूत रुतत. पुढे जाण्याबद्दल टाउनशेंडने शंका मांडली होती. सरसेनापती निक्सन बगदादवर अडून राहिला.

बोटींच्या तुटवड्याची पहिली झळ जखमींना लागली. बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून हाडे खिळखिळी होत ते नदीकाठी आले आणि बोटींवर कोंबले गेले. बसऱ्याला त्यांची दशा पाहून मेजर कार्टर या डॉक्टरने तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच दटावले. हे वाचताना आजही संताप येतो.

माघार मात्र शिस्तीत झाली. 1 डिसेंबरला उम-अत-तुबूलपाशी पाठलाग करणाऱ्या तुर्कांना जबर तडाखा दिला, जरी फायरफ्लाय आणि कॉमेट या दोन गनबोटी गेल्या. 3 तारखेला थकलेली फौज कुतला पोचली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या.

कुत नदीच्या वळणात, तीन बाजूंना पाणी. साठा तिथे होता आणि पायांत त्राण नव्हते, म्हणून थांबणे समजते. पण तुर्कांनी वेढा घातल्यावर सुटकेची कुमक याच नदीने, याच अपुऱ्या बोटींवर यायची होती. बसऱ्याला उतरलेल्या तुकड्या वर नेताच येईनात. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे 23,000 माणसे जायबंदी वा ठार झाली. अखेर एप्रिल 1916मध्ये ज्युलनार ही बोट 270 टन रसद घेऊन रात्री निघाली, ती वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. 29 एप्रिलला कुतने शरणागती पत्करली.