तबकड्यांना माझे गुण

'गीतरामायण'ची छप्पन गाणी पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक अशी वाजली, तेव्हा आमचा उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात आला तो नोव्हेंबर १९५६ मध्ये. बाबूजींना, म्हणजे सुधीर फडक्यांना, दहापैकी नऊ. सलग ऐकायला बसलं की मात्र दम लागतो. ते आठवड्याच्या वाट पाहण्यासाठीच रचलेलं.

'शिवकल्याण राजा' (१९७४), राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीची तबकडी: आठ. हृदयनाथांच्या चाली अवघड, लताबाई त्या सोप्या वाटायला लावतात. खळ्यांच्या 'अभंग तुकयाचे'ला पूर्ण दहा, वाद नको.

आणि तुळजापुरात देवळाबाहेर कर्ण्यावर वाजणारे प्रल्हाद शिंदे? जाणकार नाकं मुरडतात. मी साडेनऊ देतो. अर्धा गुण कर्ण्याच्या खरखरीचा कापला.