रानाचं नाव, गटाचा नंबर

सातबाराच्या उताऱ्यावर एक जागा ठेवलेली असते: 'शेताचे स्थानिक नाव'. गट नंबर ठसठशीत छापलेला, आणि ही जागा मी पाहिलेल्या बहुतेक उताऱ्यांवर कोरी. मोहोळ-माढ्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याला गट नंबर चटकन आठवणार नाही. पण 'ओढ्याकडचं', 'चिंचेचं', 'थोरलं रान' म्हटलं की घरातलं शेंबडं पोरही तुम्हाला बरोबर बांधावर नेऊन उभं करतं.

स्प्रेडशीटमधल्या घरांना नाव द्यायच्या सोयीचं, म्हणजे 'नेम्ड रेंज'चं, कूळ शोधताना हीच कोरी जागा डोळ्यांपुढे येते. तिथंही आधी नंबर आले, नावं मागाहून.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं 'व्हिजिकॅल्क' 1979 मध्ये ॲपल-टू संगणकावर आलं. 63 स्तंभ, 254 ओळी, आणि प्रत्येक घराला एक अक्षर-आकडा. बी7 मधून सी7 वजा करा, एवढंच यंत्राला कळे. बी7 म्हणजे जमा की खर्च, ते माणसानं डोक्यात ठेवायचं. आपल्याकडच्या दिवाणजीला हे उलटंच वाटलं असतं. त्याच्या खतावणीत खातं नावानं उघडलेलं असे, कीर्दीत 'खा. पा.' म्हणून आकडा लिहायचा तो फक्त पान सापडावं म्हणून.

मायक्रोसॉफ्टच्या 1982 च्या 'मल्टिप्लॅन'मध्ये पडद्याच्या तळाशी आज्ञांची ओळ असे. तिच्यात 'नेम' होतं आणि तिथंच जवळ 'लॉक'सुद्धा. नाव आणि कुलूप पहिल्यापासून शेजारी. जानेवारी 1983 मध्ये 'लोटस 1-2-3' आलं आणि नावं ठेवायची सवय कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचली. लोटसमध्ये मॅक्रोसुद्धा नावावरच चालत: ज्या घरांत आज्ञा लिहून ठेवल्या त्यांना तिरकी रेघ आणि एक अक्षर असं नाव द्यायचं, की ऑल्टसोबत त्या अक्षराची कळ दाबताच काम सुरू.

आत्ता न चालणारी आज्ञा आजच्या मेन्यूत फिकट, करडी दिसते. त्या लोटसचा मेन्यू मात्र कधी फिकट पडत नसे. न चालणारी आज्ञा निवडलीत तर यंत्र 'बीप' करी, वरच्या कोपऱ्यात 'एरर' लुकलुके आणि तळाशी कारण उमटे. करड्या अक्षरांचं घराणं निराळं. त्याच जानेवारी 1983 मध्ये ॲपलनं 'लिसा' हा संगणक जाहीर केला आणि वर्षभरानं मॅकिंटॉश. तिथं आत्ता न चालणारी आज्ञा मेन्यूत दिसायची, पण फिकट. गंमत अशी की मॅकिंटॉशच्या त्या पडद्याला करडा रंगच नव्हता; ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. मग अक्षरातला एकाआड एक ठिपका गाळला, की लांबून ते करडं दिसे. काळा ताणा आणि पांढरा बाणा घेतला की लांबून कापड करडं दिसतं, हे सोलापूरच्या विणकराला कुणी शिकवावं लागत नाही.

एक्सेल पहिल्यांदा आलं ते 1985 मध्ये, आणि तेही मॅकिंटॉशवर. नावं ठेवणारं घराणं आणि करडं करणारं घराणं, दोन्ही तिथं एकत्र नांदू लागली.

त्या संसाराचा त्रास मी पाहिला तो सोलापूरच्या पूर्व भागात, एका चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसात. बाहेर जकार्डच्या मागांचा खडखडाट, आत सुताच्या साठ्याची फाइल. हिशेब बघणारी मुलगी म्हणाली, "सर, कालपर्यंत चालत होतं. आज नाव द्यायला 'डिफाइन'वर बोट ठेवलं तरी दाबलंच जात नाही." मालक शेजारीच होते. "मशिन रुसलंय काय की ओ," म्हणाले.

एरवी अशा वेळी मी पहिल्यांदा बघतो की एखादं घर अर्धवट टाइप करून तसंच सोडलंय का. तेवढ्यानंही एक्सेलची नावांची यादी, म्हणजे नेम मॅनेजर, उघडत नाही. एस्केप दाबलं की सुटतं. मग पानाला कुलूप आहे का ते. नेम मॅनेजरमध्ये नुसतं 'डिलीट' करडं असेल तर बहुधा ते नाव एखाद्या टेबलाचं असतं, आणि टेबलाचं नाव तिथून पुसता येत नाही. इथं यातलं काहीच नव्हतं. फाइल एक्सेलमधली नव्हे, लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमधली होती आणि वरच्या पट्टीत तिच्या नावापुढं 'शेअर्ड' असा शब्द होता. ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावरूनही लिहिता यावं म्हणून आदल्या संध्याकाळी कुणीतरी ती सामायिक केली होती. सामायिक फाइलीत कॅल्क नावं ठेवू देत नाही. त्यात तथ्य आहे: नाव सहसा अख्ख्या फाइलीचं असतं, आणि एकाच वेळी दोघांनी एकच नाव दोन वेगळ्या घरांना दिलं तर यंत्रानं कुणाचं खरं मानावं?

पण करडं अक्षर यातलं काही सांगत नाही. न्यूयॉर्कचे प्रोग्रॅमर जोएल स्पोल्स्की यांनी 2008 मध्ये लिहिलं होतं की आज्ञा करड्या करू नका. दाबू द्या, आणि का चालत नाही ते तिथंच सांगा. मला ते पटतं. बीप करून का होईना, लोटस कारण तरी सांगत असे.

'टूल्स'मध्ये जाऊन सामायिकपणाची खूण काढली आणि मेन्यू काळाभोर झाला. मुलीनं वीस काउंटच्या सुताच्या रकान्यांना नाव दिलं: एसयूटी20. यंत्रानं नाकारलं. आता मेन्यू नव्हे, नावच चुकलं होतं. जुन्या एक्सेलमध्ये 256 स्तंभ होते, शेवटचा आयव्ही. 2007 च्या एक्सेलमध्ये ते 16,384 झाले, शेवटचा एक्सएफडी; कॅल्कनंही 2022 मध्ये तेवढेच केले. या विस्तारात एसयूटी हा 13,410 वा स्तंभ झाला. म्हणजे एसयूटी20 हा आता कुठल्यातरी दूरच्या रानाचा गट नंबर आहे. अशा जुन्या नावांची फाइल नव्या रूपात नेताना एक्सेल त्यांच्या सुरुवातीला एक आडवी रेघ ओढून ठेवतं. नव्यानं मात्र ते नाव ठेवू देत नाही.

मी अंडरस्कोर घालायला सांगणार, तेवढ्यात मालकांनी विचारलं, "ते वीसचं सूत ना? गोदामात खिडकीकडं ठेवतो ते?"

"हो."

"मग 'खिडकी' ठेवा की नाव. आम्ही तेच म्हणतो."

मुलीनं रोमन अक्षरांत 'खिडकी' टाइप केलं. यंत्रानं निमूट घेतलं.