फौजी दप्तरातील संततिनियमन

संततिनियमनाचे साहित्य टपालाने धाडणे हा गुन्हा ठरविणारा कॉमस्टॉक कायदा अमेरिकेत १८७३ साली झाला. ज्या सोवळेपणातून तो उपजला त्याच सोवळेपणापायी, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर उतरलेल्या आपल्या शिपायांना अमेरिकन सरकारने निरोध न पुरविता, बाहेरख्यालीनंतर उपचारकेंद्रात हजर होऊन औषधी द्रावणाने धुऊन घेण्याची व पाऱ्याचे मलम चोळून घेण्याची ताकीद दिली. गुप्तरोगांपुढे हा सोवळेपणा टिकला नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात निरोध हे फौजी सामानसुमानातले सर्वमान्य जिन्नस झाले. मात्र दप्तरी त्यांची नोंद रोगप्रतिबंधक म्हणून होती, संततिनियमनाशी जणू त्यांचा काडीचाही संबंध नव्हता!

स्त्रियांचा प्रश्न येताच हाच उदार दरबार किती बिथरला, हे १९४३ च्या जूनमध्ये दिसून आले. आदल्याच वर्षी उभारलेल्या महिला सैन्यदलास गर्भनिरोधक साधने पुरविण्याचा गुप्त करार झाला आहे, असे जॉन ओ'डॉनेल या पत्रकाराने आपल्या सदरात छापले, तेव्हा युद्धमंत्री स्टिम्सन यांना जातीने इन्कार करावा लागला व ओ'डॉनेल यांना आपले विधान मागे घेणे भाग पडले. अशा कंड्या शत्रूचे हस्तक पिकवीत असावेत, हा संशय फौजी चौकशीत टिकला नाही. बहुतेकींचा उगम खुद्द अमेरिकन शिपायांच्या छावण्यांतच निघाला. ज्या वस्तूचा पुरवठा पुरुषास करणे ही दक्षता, तीच स्त्रीस देणे हा कलंक, आणि या विसंगतीचे कोणाला वैषम्य वाटल्याचे दिसत नाही.

पुढे १९५१ साली अध्यक्ष ट्रूमन यांच्या फर्मानाने गर्भवती स्त्रीस सैन्यातून काढून टाकण्याची मुभा अधिकाऱ्यांना मिळाली. म्हणजे साधन द्यावयाचे नाही आणि त्याच्या अभावी जे घडेल त्यापायी चाकरी मात्र हिरावून घ्यावयाची. मरीन कोअरचा असाच एक नियम १९७६ मध्ये क्रॉफर्ड खटल्यात न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला.

सेवानिवृत्त स्त्रियांकडे तर सरकारचे लक्षच नव्हते. १९८० च्या खानेसुमारीत स्त्रियांनाही प्रथमच फौजी चाकरीविषयी विचारण्यात आले आणि सुमारे बारा लाख जणींनी होकार भरला. त्यांच्यासाठी प्रजननविषयक आरोग्यसेवेची स्पष्ट तरतूद कायद्यात येण्यास १९९२ साल उजाडले. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यान्वये बहुतेक खासगी विमाधारक स्त्रियांना गर्भनिरोधके विनामूल्य मिळू लागली. माजी सैनिकांच्या रुग्णालयांना मात्र तो कायदा लागू नव्हता, त्यामुळे तेथे अनेकींना महिन्याच्या गोळ्यांसाठी पाच डॉलर किंवा त्याहून अधिक आकार भरावा लागे. हा आकार माफ करण्याचे, प्रतिनिधी ज्युलिया ब्राउनली यांनी मांडलेले विधेयक २०२१ च्या जूनमध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले. सिनेटच्या संमतीअभावी त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.