नळ उलटा वाहतो तेव्हा...

1969 सालची गोष्ट. अमेरिकेतलं वूस्टर शहर, तिथलं होली क्रॉस कॉलेज. फुटबॉलचा हंगाम नुकताच सुरू झालेला आणि खेळाडू एकापाठोपाठ आजारी पडू लागले. निदान झालं काविळीचं. खेळाडू, प्रशिक्षक मिळून 97 पैकी 90 जणांना लागण! दोन सामने झाले आणि उरलेला हंगाम रद्द करावा लागला.

शोध घेताघेता तपास पोचला मैदानावरच्या नळापर्यंत. मैदानाला पाणी मारायचे नळ जमिनीतल्या खड्ड्यांत होते. तिथे पाणी साचायचं, आसपासची मुलं त्यात खेळायची आणि त्यातल्या काहींना कावीळ होती. ऑगस्टअखेरीस जवळच आग लागली. बंबांनी भराभर पाणी ओढलं, लाइनचा दाब पडला आणि खड्ड्यातलं घाण पाणी उलटं पाइपात खेचलं गेलं. त्याच लाइनचं पाणी खेळाडू प्यायले.

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, एवढंच. ते थांबवायला एका दिशेनेच उघडणारा व्हॉल्व्ह लागतो. पण स्प्रिंग ढिली पडली किंवा आत खडा अडकला तरी नळाला पाणी येतच राहतं, त्यामुळे बिघाड कळत नाही. म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अशा उपकरणांची दरवर्षी प्रमाणित माणसाकडून चाचणी सक्तीची आहे.

आता आपल्याकडे बघा. तिथे दाब गेला तो आग लागली म्हणून. आपल्या गावांत पाणी तास-दोन तास, कुठे दोन-चार दिवसांआड. म्हणजे लाइन रोजच रिकामी होते. शेजारून गटार, सांधे गळके. त्यात पाणी आलं रे आलं की थेट लाइनला मोटर! अशा मोटारी नगरपालिका जप्त करते तेव्हा आपण म्हणतो, शेजाऱ्याचं पाणी पळवतो म्हणून. माझ्या मते मोठा धोका वेगळाच आहे. ती मोटर गळक्या सांध्यातून गटारही ओढते.

तेव्हा मोटर लावायचीच तर आपल्या हौदावर लावा. नळाची नळी बादलीत बुडवून ठेवू नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा, आपला एनआरव्ही शेवटचा कधी उघडून पाहिला? आणि नगरसेवकाला विचारा, कुठल्या भागात लाइनचा दाब शून्यावर जातो, आणि तिथलं पाणी कोण तपासतं?

काविळीची साथ आली की आपण पहिल्यांदा पाणीपुरीवाल्याला धरतो. यावेळी लाइनही तपासायला लावू.